राखीव रानाचा इतिहास : राधानगरी-दाजीपूरचा डोंगरी मुलूख आणि स्कॉटलंडमधील रम बेट – एक तुलनात्मक अभ्यास

सारांश

राधानगरी-दाजीपूर परिसरातील डोंगर आज पदभ्रमण करणाऱ्यांचे आवडते ठिकाण झाले आहेत. 'अस्पर्शित निसर्ग' अशी त्यांची ओळख करून दिली जाते. प्रत्यक्षात हे रान घाटवाट, राजाची राखीव शिकार, धरण आणि अभयारण्य अशा टप्प्यांतून घडलेले आहे. प्रत्येक टप्प्यात कुणीतरी सीमा आखली आणि त्या सीमेच्या आत कोणी राहावे हेही ठरवले. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील रम या डोंगराळ बेटाचा इतिहास याच वळणांनी गेलेला असल्याने प्रस्तुत लेखात दोहोंची तुलना केली आहे. राधानगरीचे रान निर्मनुष्य करून राखलेले नाही, हा या दोन इतिहासांतील महत्त्वाचा भेद आहे. पुढील धोरण ठरवताना तो दृष्टीआड होऊ नये, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : राधानगरी, दाजीपूर, राजर्षी शाहू, राखीव रान, अभयारण्य, पदभ्रमण, रम बेट.

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या माथ्यावर राधानगरी तालुका वसलेला आहे. पूर्वेकडे उतरत जाणारी भोगावतीची आणि दूधगंगेची खोरी, पश्चिमेकडे एकदम तुटलेले कोकणकडे, माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे सडे आणि सड्यांच्या कुशीत दाट रान असे या मुलखाचे रूप आहे. पावसाळ्याचे चार महिने येथे धुके आणि पाणी यांचेच राज्य असते. पाऊस ओसरला की सड्यांवर रानफुले येतात, आणि वैशाख सरताना वळवाच्या सरी पडू लागल्या की झाडे काजव्यांनी उजळून निघतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे येथून येणाऱ्या पदभ्रमणप्रेमींची संख्या गेल्या काही दशकांत सतत वाढत आली आहे.

या प्रवाशांसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकांत आणि वर्णनांत एक गृहीत वारंवार आढळते. हे रान मानवी हस्तक्षेपापासून दूर राहिले म्हणून टिकले, असे ते गृहीत होय. इतिहासाच्या अभ्यासकाला ते स्वीकारता येत नाही. येथील पायवाटा व्यापाराने पाडल्या, येथील गवा राजाज्ञेने राखला गेला आणि येथील विस्तीर्ण जलाशय माणसाने बांधला. रानाला इतिहास नाही असे मानले की रानातल्या माणसालाही इतिहास उरत नाही. त्याच्या हक्काचा प्रश्न मग आपोआप 'अतिक्रमण' या सदरात जाऊन पडतो. म्हणूनच या विषयाचे महत्त्व केवळ स्थानिक कुतूहलापुरते मर्यादित नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) राधानगरी-दाजीपूर परिसराच्या 'राखीव' स्वरूपाची ऐतिहासिक जडणघडण स्पष्ट करणे.
२) रम बेटाच्या इतिहासाशी तिची तुलना करून साम्य व भेद दाखवणे.
३) या तुलनेतून संवर्धन आणि पर्यटन यांविषयीच्या आजच्या चर्चेला उपयुक्त ठरणारे निष्कर्ष काढणे.

लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित साधनांवर आधारलेले आहे.

घाटवाट आणि गड

राखीव होण्यापूर्वी हा मुलूख रहदारीचा होता, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या अनेक वाटा कोल्हापूरच्या पश्चिम सीमेवरून खाली उतरत. त्यांपैकी फोंडा घाट दाजीपूरच्या अंगाने उतरतो. बैलांच्या पाठीवरून कोकणातले मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई आणि देशावरचे धान्य, गूळ, तंबाखू, मिरची खाली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घाटातून गाडीरस्ता झाला. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरने संस्थानातील घाटवाटांची आणि त्यांवरील व्यापाराची नोंद घेतली आहे. आजचा देवगड-निपाणी रस्ता याच जुन्या दळणवळणाचा वारस आहे.

वाट आली की तिच्यावर नजर ठेवणारा गडही येतो. दाजीपूरच्या पश्चिमेला, कोकणकड्याच्या टोकावर असलेला शिवगड हा असाच एक छोटा गड आहे. पन्हाळा, विशाळगड, रांगणा किंवा भुदरगड यांच्यासारखी मोठी राजकीय कामगिरी त्याच्या नावावर नाही. घाटाखालचा मुलूख न्याहाळता यावा, येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर मिळावी, एवढेच त्याचे काम असावे असे त्याच्या जागेवरून दिसते. शेजारच्या उगवाई देवीच्या ठाण्यामुळे मात्र ही जागा परिसरातील गावांच्या श्रद्धेतही रुजलेली आहे. म्हणजे आज ज्या वाटेने पदभ्रमण करणारे शिवगडाकडे जातात ती 'रानवाट' मूळची व्यापाऱ्याची, पहारेकऱ्याची आणि भाविकाची वाट आहे.

१८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर हे चित्र पालटले. सामानगड आणि भुदरगड येथून पेटलेला हा उठाव इंग्रजांनी मोडून काढला आणि त्यानंतर कोल्हापूर संस्थानातील प्रमुख किल्ल्यांचे तट पाडून ते निकामी केले. गडांवरील शिबंदी गेली आणि गडाच्या घेऱ्यातील वस्तीचा आधार तुटला. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने डोंगराचे लष्करी मोल संपले. लवकरच तेथल्या झाडांना मोल आले.

राखीव रान आणि शिकार

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी 'राखीव जंगल' ही कल्पना रूढ केली. संस्थानांनीही कमी-अधिक प्रमाणात तिचे अनुकरण केले. तोवर डोंगरउतारावरील शेतकरी झाडोरा तोडून, जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरत असे आणि काही वर्षांनी ती जागा पडीक टाकून दुसरीकडे वळत असे. या कुमरी शेतीकडे नवे वनव्यवस्थापन नासाडी म्हणून पाहू लागले. गवळी धनगरांची गुरे रानात मोकळी चरत असत. त्या चराईलाही हळूहळू परवाना, हद्द आणि दंड आले. झाड हा महसुलाचा विषय झाला तेव्हाच रानातला माणूस नियमनाचा विषय झाला.

दाजीपूरच्या रानाला मात्र आणखी एक वेगळे संरक्षण मिळाले. ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या रानात इतरांनी शस्त्र चालवायचे नाही हा नियम सर्वत्र कडक असे. त्यामुळे गवा, सांबर, अस्वल, वाघ, बिबट्या यांना एका अर्थी अभय मिळाले, पण ते राजाच्या बंदुकीपुरते राखून ठेवलेले अभय होते. सापळा, सांबरकोंड, वाघाचे पाणी अशी रानातील ठिकाणांची नावे त्या काळाच्या आणि त्याही आधीच्या शिकारी जीवनाची साक्ष देतात.

शिकार हा केवळ राजाचा छंद नव्हता. हाक्यासाठी माणसे लागत, माग काढणारे जाणकार लागत, वाटा साफ ठेवाव्या लागत आणि तळाला शिधा पुरवावा लागे. हे ज्ञान आणि श्रम रानातल्या माणसांकडेच होते. राखीव रान त्यांना बाहेर ठेवत होते आणि त्याच वेळी त्यांच्यावाचून चालतही नव्हते. संरक्षित क्षेत्रांच्या इतिहासात हा विरोधाभास पुढेही वारंवार दिसतो. कालच्या हाक्यातील वाटाड्या आजच्या वनखात्यात हंगामी मजूर असतो आणि पर्यटकांच्या गाडीत मार्गदर्शक असतो.

धरण : टेकडीचे झालेले बेट

राजर्षी शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर अल्पावधीतच १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेगची साथ यांना संस्थानाला तोंड द्यावे लागले. दुष्काळी कामे, स्वस्त धान्य, जनावरांसाठी चारा हे तातडीचे उपाय झाले, परंतु पाण्याची कायम तरतूद झाल्याशिवाय शेतकऱ्याची सुटका नाही हा धडाही या अनुभवातून मिळाला. १९०२ मध्ये संस्थानाचे पाटबंधारे धोरण जाहीर झाले. त्या धोरणाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे भोगावती नदीवरील राधानगरीचे धरण होय.

१९०७ नंतर फेजिवडे येथील जागी या प्रकल्पाला चालना मिळाली. नव्याने वसवलेल्या गावाला महाराजांच्या कन्या राधाबाई यांच्या नावावरून 'राधानगरी' हे नाव मिळाले आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाची आणि साहित्याची ओढाताण झाली व काम अर्ध्यावर थांबले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले तेव्हा धरण नियोजित उंचीला पोहोचलेले नव्हते. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कामाने पुन्हा उचल घेतली. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५० च्या दशकात धरण पूर्णत्वास गेले. सुमारे ४२ मीटर उंचीचे, साडेआठ टीएमसीच्या जवळपास पाणी साठवणारे आणि सात स्वयंचलित दरवाजांमुळे सर्वपरिचित असलेले हे दगडी धरण म्हणजे एका संस्थानिकाची दृष्टी आणि लोकशाही राज्याची पूर्तता यांचा संगम आहे.

या धरणाने खालच्या खोऱ्याचा कायापालट केला. भोगावती आणि पंचगंगेच्या काठी बंधारे आले, बंधाऱ्यांवर पाणी उपसणारी यंत्रे आली, ऊस आला आणि उसापाठोपाठ सहकारी साखर कारखानदारी आली. कोल्हापूरच्या सधनतेचा पाया या पाण्यात आहे, हे विधान अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

वरच्या अंगाला झालेला बदल वेगळा होता. खोऱ्यातील सपाट, कसदार जमीन पाण्याखाली गेली. नदीकाठच्या वाटा तुटल्या आणि जे डोंगर एकमेकांना खोऱ्यांनी जोडलेले होते त्यांच्यामध्ये पाणी पसरले. जलाशयात शिरलेल्या एका टेकडीवर शाहूकालीन 'बेनझीर व्हिला' ही वास्तू आहे. पाणी चढले की ती टेकडी बेटासारखी दिसू लागते, पाणी ओसरले की पुन्हा डोंगराचा भाग होते. आता भग्नावस्थेत असलेली ही वास्तू राधानगरीच्या इतिहासाचे बोलके प्रतीक ठरावी. राजाचा निवांतपणा, शेतकऱ्याचे पाणी आणि बुडालेले खोरे या तिन्ही गोष्टी तेथे एकाच नजरेत सामावतात.

रानाच्या दृष्टीने धरणाचा परिणाम अनपेक्षित होता. पाणलोट क्षेत्रातील झाडोरा राखणे ही आता सार्वजनिक गरज ठरली, कारण डोंगर उघडे पडले तर जलाशय गाळाने भरणार होता. खोऱ्यातून रानात शिरण्याच्या जुन्या वाटाही पाण्याने अडवल्या. राजाज्ञेने जे राखले होते त्याला धरणाने दुसरे कुंपण घातले. पुढे दूधगंगेवर काळम्मावाडीचे मोठे धरण झाले आणि दोन जलाशयांच्या परिसरात हा डोंगरी मुलूख अधिकच वेगळा पडला. त्याला आता 'बेट' म्हणणे केवळ अलंकारिक राहिलेले नाही.

रम बेट : एक समांतर कथा

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी वेगळ्या हवामानात आणि समाजात घडलेली एक कथा येथे ताडून पाहण्यासारखी आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रात रम नावाचे सुमारे १०० चौ. कि.मी.चे बेट आहे. त्याच्या दक्षिणेला जुन्या ज्वालामुखीच्या मुळांतून कोरले गेलेले खडकाळ सुळके उभे आहेत. सर्वोच्च शिखर अ‍ॅस्किव्हल ८१२ मीटर उंच आहे. उंचीने आपल्या सह्याद्रीपेक्षा कमी असले तरी ते थेट समुद्रातून वर आलेले आहे. पाऊस, वारा आणि धुके यांमुळे या शिखरांच्या धारेवरून चालणे कष्टाचे समजले जाते आणि त्याचमुळे गिर्यारोहकांना त्याची ओढ वाटते. त्यांनाही तेथे 'अस्पर्शित निसर्ग' दिसतो.

तेथला इतिहास मात्र वेगळे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या बेटावर सुमारे ४०० माणसे राहत होती. ती गेलिक भाषा बोलत, गुरे पाळत आणि ओट-बटाट्याची शेती करत. १८२६ मध्ये जमीनमालकाने सारे बेट मेंढपाळीसाठी एकाच खंडकऱ्याला द्यायचे ठरवले आणि जवळपास ३०० रहिवाशांना जहाजांवर चढवून कॅनडातील नोव्हा स्कॉशियाकडे पाठवण्यात आले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना दोन वर्षांनी जावे लागले. स्कॉटिश डोंगराळ प्रदेशातील सक्तीच्या स्थलांतराच्या मोठ्या इतिहासातील हे एक ठळक प्रकरण आहे.

१८४५ मध्ये बेट एका उमरावाने विकत घेतले आणि तेथे हरणांच्या शिकारीची व्यवस्था केली. सालमन माशांची शिकार चांगली व्हावी म्हणून त्याने नदीचा प्रवाह वाढवण्यासाठी बांधही घातला, पण तो टिकला नाही. १८८८ मध्ये मालकी लँकेशायरमधील बुलो या यंत्रनिर्मात्या कुटुंबाकडे गेली. गिरण्यांसाठी लागणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात मिळालेल्या संपत्तीतून जॉर्ज बुलो याने १८९७ ते १९०० या काळात तेथे लाल वालुकाश्माचा किनलॉक किल्ला बांधला. वस्तुतः ते शिकारीच्या हंगामापुरते राहण्याचे महाल होते. परक्यांना बेटावर पाय ठेवणे अवघड असे, म्हणून 'निषिद्ध बेट' असेही त्याला म्हटले जाई. १९५७ मध्ये बुलो कुटुंबाने बेट शासनाच्या निसर्गसंवर्धन संस्थेला विकले आणि ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाले. लाल हरणांचा तेथील दीर्घकालीन अभ्यास जगप्रसिद्ध आहे. नामशेष झालेला पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड १९७५ पासून याच बेटावरून पुन्हा स्कॉटलंडमध्ये आणण्यात आला.

विज्ञानाच्या दृष्टीने ही कामगिरी मोठीच आहे. परंतु ज्या रिकाम्या बेटावर ती झाली ते बेट आपोआप रिकामे झालेले नव्हते.

गव्याचे अभयारण्य

रम राखीव झाल्यानंतरच्याच वर्षी, १९५८ मध्ये, तत्कालीन मुंबई राज्याने दाजीपूरच्या रानाला गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित केले. महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य अशी त्याची ओळख आहे. या दोन घटनांमध्ये थेट संबंध नाही, परंतु काळाचा प्रवाह एकच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर राजे-उमरावांची शिकारीची राने शासनाकडे येऊ लागली आणि शिकारीसाठी राखलेले प्राणी आता संवर्धनासाठी राखले जाऊ लागले. धनी बदलला, हेतूही बदलला, पण सीमेची रेषा बहुतांशी तीच राहिली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या संरक्षणाला देशव्यापी कायद्याचे बळ दिले. १९८५ मध्ये क्षेत्र वाढवून ३५१.१६ चौ. कि.मी. करण्यात आले आणि 'राधानगरी वन्यजीव अभयारण्य' हे नाव रूढ झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही त्यांपैकी चार होत. २०२० मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. अलीकडच्या वर्षांत कॅमेऱ्यात टिपलेल्या वाघाच्या छायाचित्रांमुळे गोवा-कर्नाटकातील राने आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांना जोडणारा दुवा म्हणूनही राधानगरीचे महत्त्व वाढले आहे.

या प्रत्येक घोषणेचा अर्थ डोंगरातल्या गावांसाठी वेगळा होता. दाजीपूर, ओलवण, हसणे यांसारखी गावे आणि ठिकठिकाणचे धनगरवाडे रानाच्या आत किंवा लगत आहेत. हिरडा, मध, शिकेकाई गोळा करणे, गुरे चारणे, सरपण आणणे या नित्याच्या गोष्टी कायद्याच्या चौकटीत आल्या. रस्ता, वीज, शाळेची खोली यांसाठीही परवानगीची वाट पाहणे आले. पिकात गवा शिरला तर भरपाईचा अर्ज आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांचा हक्क तत्त्वतः मान्य केला, तथापि हक्क सिद्ध करण्यासाठी कागद लागतो आणि रानातील जगणे कागदावर क्वचितच उतरलेले असते.

येथे एक विषमता स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. डोंगर राखल्यामुळे जलाशयात पाणी राहते आणि ते पाणी खालच्या खोऱ्यात ऊस पिकवते. राखण्याची झीज मात्र प्रामुख्याने वरची गावे सोसतात. गवा उतरून उसाच्या फडांपर्यंत येऊ लागला, तेव्हा कुठे खालच्या खोऱ्याला वरच्या डोंगराचा प्रश्न आपला वाटू लागला. शिवाय सारे डोंगर सारखेच राखले गेले असेही नाही. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, याच तालुक्यातील दुर्गमानवाड परिसरात जांभ्याच्या पठारावर बॉक्साईटचे खाणकाम झाले. सरपणाच्या मोळीला एक न्याय आणि खनिजाच्या ट्रकला दुसरा, अशी भावना डोंगरातल्या माणसाच्या मनात निर्माण झाली तर तिला निराधार म्हणता येणार नाही.

पायवाटेवरचा नवा प्रवासी

कोल्हापूरकरांना डोंगर चालण्याची आवड मुळातच आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी पदभ्रमंती इतिहासाच्या ओढीने सुरू झाली आणि आता ती लोकपरंपराच बनली आहे. तिथे चालणाऱ्याला आपण कुणाच्या पावलांवर पाऊल टाकतो आहोत याची जाण असते. राधानगरीच्या रानवाटेवर ही जाण अभावानेच आढळते. तेथे गवा, काजवे, रानफुले आणि सडे पाहिले जातात, इतिहास पाहिला जात नाही. बाजीप्रभूंच्या वाटेला कथा आहे आणि मिठाच्या बैलाच्या वाटेला ती नाही, हे त्याचे कारण असावे.

पदभ्रमणामुळे परिसराला उत्पन्नाचे नवे साधन मिळाले हे मान्य केले पाहिजे. घरगुती जेवण, मुक्कामाची सोय, वाहन आणि वाटाड्या यांतून काही कुटुंबांना आधार मिळतो. परंतु गर्दी, प्लॅस्टिक, काजव्यांच्या ऐन हंगामात गाड्यांचे प्रखर दिवे आणि मोठ्या रस्त्यालगतच्या जमिनींची खरेदी-विक्री या गोष्टीही सोबत येतात. निसर्ग पाहायला आलेला पाहुणा आणि निसर्गात राहणारा रहिवासी यांच्यासाठी नियम ठरवताना पाहुण्याची सोय आधी पाहिली जाण्याचा धोका असतो.

साम्य आणि भेद

दोन्ही इतिहास शेजारी ठेवले असता काही साम्ये ठळकपणे दिसतात. दोन्हीकडे दुर्गम डोंगर धनवंतांच्या शिकारीसाठी राखला गेला. दोन्हीकडे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधिकाळातली, आता दुरवस्थेला आलेली विलासवास्तू त्या काळाची खूण म्हणून उभी आहे. दोन्हीकडे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शासनाने ही राने संवर्धनासाठी हाती घेतली. आणि दोन्हीकडे गिर्यारोहकांच्या वर्णनांतून मधला इतिहास गळून पडला.

भेद मात्र अधिक अर्थपूर्ण आहेत. रमचा मालक दूरच्या गिरणी-उद्योगातून आलेला खाजगी मालक होता आणि बेटावरील प्रजेशी त्याचे कोणतेही नाते नव्हते. राधानगरीचे रान राखणारा राजा दुष्काळाने होरपळलेल्या प्रजेचा कारभारही पाहत होता. रमवरील बांध मासे मारण्याच्या हौसेसाठी होता, राधानगरीचा बांध शेतीच्या पाण्यासाठी. रमवर आधी माणसे हलवली गेली आणि मग निसर्ग राखला गेला. राधानगरीत निसर्ग राखताना माणसांवर बंधने आली, काहींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, तरी डोंगरातील वस्ती पूर्णपणे उठली नाही.

शाहू महाराजांची थोरवी मान्य करूनही इतिहासकाराला एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. लोककल्याणाचा प्रकल्पही कुणाच्या तरी जमिनीवर उभा राहतो, आणि तो ज्यांच्या जमिनीवर उभा राहतो ते आणि त्याचा लाभ घेणारे नेहमी एकच नसतात. महाराजांनी हे धरण रयतेसाठी आरंभले, याच कसोटीवर वरच्या गावांच्या वाट्याला काय आले हे विचारणे त्यांच्या विचाराशी सुसंगतच ठरते.

रमचा अलीकडचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. ज्या बेटावरून माणसे उठवली गेली होती तेथेच २००९-१० मध्ये शासकीय संस्थेने किनलॉक गावठाणातील जमीन व घरे रहिवाशांच्या न्यासाकडे सोपवली. संवर्धन टिकवायचे तर बेटावर नांदती वस्ती हवी, ही जाणीव त्यामागे होती. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे घालवले ते मूठभर प्रमाणात का होईना परत आणण्याचा तो प्रयत्न आहे.

निष्कर्ष

१) राधानगरी-दाजीपूरचे रान हे अस्पर्शित निसर्गाचे अवशेष नसून व्यापार, राजसत्ता, पाटबंधारे आणि संवर्धन या क्रमाने आलेल्या मानवी निर्णयांतून घडलेले आहे.
२) राखीव शिकारीचे रान आणि आधुनिक अभयारण्य यांचे हेतू भिन्न असले तरी सीमा आखण्याची रीत त्यांच्यात सलग राहिली आहे.
३) धरणाने खालच्या खोऱ्याला समृद्धी आणि वरच्या रानाला संरक्षण दिले. या दोहोंची किंमत वरच्या गावांनी अधिक प्रमाणात मोजली.
४) रमच्या तुलनेत राधानगरीत माणूस आणि रान यांचे सहजीवन खंडित झालेले नाही. हे या परिसराचे ऐतिहासिक भांडवल आहे.
५) पुनर्वसन, वनहक्क, पर्यटन आणि व्याघ्रमार्ग यांविषयीचे निर्णय घेताना या इतिहासाची नोंद घेतली गेली पाहिजे. परिसरातील गावांचा स्थलनामकोश, घाटवाटांच्या आठवणी आणि धरणग्रस्तांच्या मौखिक कथा यांचे संकलन तातडीने होणे आवश्यक आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल, मराठी आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे असे हे काम आहे.

समारोप

रमवरील रहिवासी गेले तेव्हा त्यांच्याबरोबर त्या डोंगरांची गेलिक वापरातली माहिती गेली. कोणत्या उतारावर गुरे न्यावीत, कोणता झरा उन्हाळ्यात आटत नाही, हे सांगणारे कोणी उरले नाही. तेथील अभ्यासकांना आज जुन्या घरांच्या पायांवरून आणि शेताच्या सऱ्यांवरून त्या जीवनाची कल्पना करावी लागते. राधानगरीत तशी वेळ आलेली नाही. सावराई सड्यावर कोणत्या दिवसांत गवे येतात, बैलांची जुनी वाट कोठून उतरे, पाणी चढण्यापूर्वी खोऱ्यात काय पिकत होते, हे आजोबा-पणजोबांकडून ऐकलेली माणसे अजून या गावांत आहेत. त्यांच्याकडील माहिती लिहून घेण्यासाठी हाती असलेला काळ फार नाही. राखीव रानाच्या नकाशावर त्यांची गावे ठिपक्यांएवढी दिसतात. त्या रानाच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान मध्यभागी आहे.